खोळ घातलेला कॉम्प्युटर

नमस्कार दादा,

आम्ही खारेगावला राहतो. घरात मी, मिस्टर, दहावीतली मुलगी आणि सासरे. बाबा ७१ वर्षांचे आहेत, ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कंपनीत अकाउंट्सला होते. गेली ११ वर्षं सोसायटीचे खजिनदार आहेत आणि मेंटेनन्सचा सगळा हिशेब घरच्या कॉम्प्युटरवर ठेवतात.

तीन आठवड्यांपूर्वी गुरुवारी दुपारी ते नेटवर आरतीसंग्रहाची पीडीएफ शोधत होते. एकदम स्क्रीन निळी झाली, भोंगा वाजायला लागला, एक बाई इंग्रजीत सारखं काहीतरी बोलत राहिली. वर लिहिलेलं होतं की व्हायरस आलाय, कॉम्प्युटर बंद करू नका, मायक्रोसॉफ्टला या नंबरवर फोन करा. घरात कोणी नव्हतं. बाबांनी फोन लावला. समोरचा अगदी आदबीने हिंदीत बोलत होता. त्याने आधी कॉम्प्युटरवर आणि मग मोबाइलवर कसलंसं ॲप घ्यायला लावलं, ४,९९९ रुपये भरायला सांगितले. दोन तास फोन चालू होता. त्यात खात्यातून तीन वेळा मिळून आणखी ७८,००० गेले. बाबा कोणाला काही बोलले नाहीत. सोमवारी सकाळी मी त्यांच्या मोबाइलवरून गॅसचं बिल भरायला गेले तेव्हा मला मेसेज दिसले. मी लगेच बँकेला आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला.

मिस्टर त्यांना खूप बोलले. 'चार दिवस गप्प बसलात, आता विसरा पैसे.' 'ओटीपी दिल्याशिवाय जातात का?' बाबा एकच सांगतात, मी ओटीपी कोणाला सांगितला नाही. आता कॉम्प्युटरला खोळ घातलीय आणि ते त्या खोलीत जातसुद्धा नाहीत. सोसायटीची बिलं या महिन्यात निघाली नाहीत. मिस्टर म्हणतात कॉम्प्युटर विकून टाकू आणि बाबांचं नेटबँकिंग बंद करू.

कोणतं अँटिव्हायरस घेऊ म्हणजे परत असं होणार नाही? पैशांचं काही होईल का? आणि नेटबँकिंग खरंच काढून घ्यावं का?

— एक सून, खारेगाव

ताई,

अँटिव्हायरस आज घेऊ नका. त्याचं मागाहून बघू. आधी पैशांचं, कारण त्याला तारखा आहेत आणि तुमच्या मिस्टरांचा हिशेब चुकलाय.

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला एक परिपत्रक काढलं. खात्यातून आपल्या परवानगीशिवाय ऑनलाइन पैसे गेले, आणि त्यात चूक ना आपली ना बँकेची, मधल्याच कुणाची असेल, तर तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवल्यावर नुकसान आपल्या माथी येत नाही. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलं तर ठरलेल्या मर्यादेपर्यंतच येतं. आता मजा बघा. हे दिवस मोजताना बँकेचा मेसेज आला तो दिवस धरत नाहीत. म्हणजे गुरुवार सोडा. शुक्रवार एक, शनिवारी शाखा उघडी असेल तर दोन, रविवार सुट्टी, सोमवार तीन. तो दुसरा किंवा चौथा शनिवार असेल तर सोमवार दुसराच. चार दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर झाले, बँकेच्या वहीत नाहीत. तुम्ही सोमवारी सकाळीच फोन केलात ते फार बरं केलंत.

खोटी आशा मात्र लावत नाही. त्याच परिपत्रकात असंही आहे की ग्राहकाने निष्काळजीपणे पासवर्ड वगैरे दुसऱ्याला दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं स्वतःचं. बँक याच ओळीवर बोट ठेवणार. पण चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याची जबाबदारीही तिथेच बँकेवर टाकलेली आहे, आणि हे वाक्य काउंटरवर सहसा कोणी आपणहून सांगत नाही. म्हणून फोनवर भागवू नका. शाखेत लेखी तक्रार द्या. त्यात गुरुवारचे तिन्ही व्यवहार वेळेसकट लिहा, सोमवारी किती वाजता फोन केला आणि तक्रार क्रमांक कोणता मिळाला ते लिहा, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. बँकेने ९० दिवसांत निकाल लावायचा असतो. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी लागत नाही. ते ४,९९९ बाबांनी स्वतःच्या हाताने भरले, त्यामुळे ते या नियमात बसवणं कठीण. तरी तक्रारीत येऊ द्या.

१९३० च्या फोनचं काम वेगळं. चोरलेला पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात उड्या मारत जातो. मधेच कुठे सापडला तर तिथे अडवून ठेवायचा, एवढ्यासाठी तो नंबर. फोननंतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर तक्रार पूर्ण भरावी लागते. ती भरली का, बघा. नसेल तर आज भरा, आणि तो क्रमांक घेऊन पोलीस ठाण्यात जाऊन या. काही रक्कम अडकली असेल तर ती सोडवायला कोर्टाचा आदेश लागू शकतो, आणि त्यासाठी हे कागद हाताशी हवेत.

आता ओटीपी. ताई, बाबा खरं बोलत असणार.

माझं नौपाड्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, २३ वर्षं झाली. या प्रकारातली मशिनं आता महिन्याला दोन-तीन तरी येतात आणि प्रत्येक घरात हाच वाद झालेला असतो. ते 'कसलंसं ॲप' म्हणजे एनीडेस्क किंवा त्याच्या जातीचं काहीतरी. वाईट सॉफ्टवेअर नव्हे ते. मी स्वतः रोज वापरतो, ऐरोलीच्या गिऱ्हाइकाचा प्रिंटर नौपाड्यात बसून चालू करून देतो. पण त्यातला तो नऊ-दहा आकडी कोड सांगितला आणि 'परवानगी द्या' दाबलं की समोरचा तुमच्या खुर्चीत येऊन बसला असं समजा. तुमचा माऊस त्याचा, कीबोर्ड त्याचा. त्यात एक सोय अशीही आहे की इकडची स्क्रीन काळी करून टाकता येते. बाबांना विचारा, मधे काही वेळ स्क्रीन काळी झाली होती का, 'स्कॅनिंग चालू आहे, हात लावू नका' असं म्हणाला होता का. मी पैज लावतो, होय म्हणतील. त्या काळ्या पडद्यामागे नेटबँकिंग चाललं होतं. आणि मोबाइलवरही तसलंच ॲप असल्यामुळे आलेला ओटीपी त्याने तिकडे बसून वाचला. बाबांनी तोंडातून एक आकडा काढला नसेल. हे असंच्या असं बँकेच्या तक्रारीत लिहा. आणि मिस्टरांनाही वाचून दाखवा, जेवायच्या आधी.

ती निळी स्क्रीन म्हणजे काय, तर एक साधं वेबपान. एवढंच. पीडीएफ फुकट देणाऱ्या साइटवर चार-पाच हिरवी डाउनलोडची बटणं असतात, त्यातलं खरं एक, बाकी जाहिराती. त्यातली एक दाबली गेली. ते पान ब्राउझरला पूर्ण स्क्रीनवर पसरवतं, वरचा पत्ता आणि बंद करायची फुली दिसेनाशी होते, माऊसचा बाण लपवतं आणि आवाजाची एक फाइल सारखी वाजवतं. कॉम्प्युटरमध्ये त्या क्षणी काही शिरलेलं नसतं. एस्केपचं बटण दाबून धरलं तर बऱ्याचदा पडदा आपोआप लहान होतो. नाही झाला तर कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडायचा आणि ब्राउझर बंद करायचा. तेही नाही जमलं तर पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. 'बंद केल्यास डेटा जाईल' हे साफ खोटं. सेव्ह न केलेली एखादी फाइल गेली तर जाईल. परत चालू केल्यावर ब्राउझर आधीची पानं उघडू का विचारतो, तिथे नको म्हणायचं. आणि मायक्रोसॉफ्ट आपल्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच देत नाही. नंबर दिसला की समजायचं, दुकान चोराचं आहे.

खरा व्हायरस भोंगा वाजवत येत नाही. तो पासवर्ड चोरणारा असेल तर महिनोन् महिने एका कोपऱ्यात बसून ब्राउझरमधले साठवलेले पासवर्ड बाहेर पाठवत राहतो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही.

बाबा मूर्ख ठरत नाहीत, हे सांगायला आपल्याच जिल्ह्यातली एक गोष्ट पुरे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर रात्री छापे घातले. ७०० च्या वर लोक ताब्यात घेतले, ७० जणांना अटक झाली. काय करत होती ती पोरं? अमेरिकेतल्या करखात्याचे अधिकारी म्हणून तिकडच्या लोकांना फोन करून घाबरवायची आणि गिफ्ट कार्डांतून पैसे उकळायची. समोर कागद ठेवून वाचायची, कोणत्या वाक्याला माणूस घाबरतो आणि कुठे आवाज मऊ करायचा ते ठरलेलं. मीरा रोडला बसून अमेरिकेतले शिकलेसवरलेले लोक फसवता येतात, तर घरात एकटे असलेले बाबा दुपारी दोन वाजता त्या भोंग्यासमोर किती टिकणार होते? आदबीने बोलणं हा त्यांच्या धंद्याचा माल आहे.

मशीनकडे येऊ. त्या दिवसापासून ते बंद आहे ना? मग खोळ असू द्या, चालू करू नका. चालू करायची वेळ आलीच तर आधी वायफाय बंद करा. ते ॲप नुसतं काढून टाकलं तर भागतं का, तर कधीकधी भागतं. पण दोन तासांत त्याने आणखी काय ठेवलंय हे शोधत बसण्यापेक्षा मी सरळ फॉरमॅट मारतो. आधी कामाच्या फाइली बाहेर काढायच्या, फक्त एक्सेल, वर्ड, पीडीएफ, फोटो. इन्स्टॉल करायच्या फाइली नाही. मग विंडोज कोरं टाकायचं.

कोरं म्हणजे खरं. इथे मला माझंच एक पाप कबूल करायचंय. दुकान टाकलं तेव्हा पहिली सात-आठ वर्षं मी सर्रास क्रॅक केलेलं, म्हणजे चोरीचं, विंडोज आणि ऑफिस घालून द्यायचो. फॉरमॅटचे ३०० रुपये, सॉफ्टवेअर फुकट, वर मराठी फॉन्टची चोरीची सीडी. सगळेच द्यायचे. ते क्रॅक चालवायच्या आधी पहिली सूचना काय असते माहीत आहे? 'अँटिव्हायरस बंद करा.' आणि आम्ही करायचो! चोराला सांगून वॉचमनला चहाला पाठवण्यातला प्रकार. तुमच्या मशीनवर कोपऱ्यात 'ॲक्टिव्हेट विंडोज' असं पुसट दिसत असेल, किंवा मागच्या माणसाने 'हे अपडेट कधी करू नका हं' असं बजावलं असेल, तर ओळखा. बाबांना एक्सेलच हवं असेल तर फुकटचं लिब्रे ऑफिस सोसायटीच्या हिशेबाला पुरून उरतं, एक्सेलच्या फाइलीही उघडतं.

विंडोज कितवं आहे तेही बघा. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला निरोप दिला. घरगुती वापरासाठी सुरक्षेच्या दुरुस्त्यांची वाढीव मुदत नाव नोंदवून घेता येते, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. मशीन सहा-सात वर्षांच्या आतलं असेल तर बहुधा विंडोज ११ चढेल. त्याहून जुनं असेल तर विंडोजऐवजी चालणारं फुकटचं लिनक्स मिंट टाकून देतो. आठवडाभर बाबा मला शिव्या घालतील, मग सवय होईल.

आणि आता तुमचं अँटिव्हायरस. विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर आधीपासून असतं, पैसे पडत नाहीत, घरच्या वापराला चांगलं आहे. चालू आहे ना एवढं बघायचं. विकतचं घ्यायचंच असेल तर घ्या, वाईट नाही. आपल्या पुण्याच्या काटकर बंधूंनी दुरुस्तीच्या दुकानातून क्विक हील उभं केलं, त्यामुळे आम्हा दुरुस्तीवाल्यांना उगाच अभिमान. पण दुकानातून बिल घेऊन घ्या, आणि दोन-दोन एकत्र घालू नका, ते एकमेकांशीच भांडत बसतात. फक्त त्या गुरुवारी सगळ्यात महागडं अँटिव्हायरस असतं तरी ७८,००० गेलेच असते. त्याच्या दृष्टीने सगळं मालकाच्या परवानगीने चाललं होतं.

त्यापेक्षा एक फुकटची गोष्ट जास्त कामाची. विंडोजमध्ये दोन खाती करा. एक मालकाचं, ज्यातून नवीन सॉफ्टवेअर घालता येतं. त्याचा पासवर्ड तुमच्याकडे. दुसरं रोजचं साधं खातं. बाबा, मुलगी, मिस्टर, सगळे साध्या खात्यात. सगळे म्हणजे मिस्टरसुद्धा, यात सूट नाही. मुलांच्या क्रॅक केलेल्या गेमांमुळे आलेली मशिनं मी म्हाताऱ्यांच्या मशिनांपेक्षा जास्त दुरुस्त केलीयत. काही घालायचं झालं की पासवर्ड मागितला जाईल, आणि तुम्ही स्वयंपाकघरातून हात पुसत येईपर्यंत जो मिनिट जाईल, तो मिनिट लाखाचा. इन्स्टॉल न करता नुसतं उघडून चालणाऱ्या ॲपला तो मागितला जाईलच असं नाही, पण निम्मी पडझड तिथेच थांबते.

ब्राउझरमध्ये जाहिराती रोखणारं यूब्लॉक ओरिजिन लाइट घालून देईन. आणि सेटिंगमध्ये नोटिफिकेशनची जी साइटची यादी असते ती रिकामी करीन. उजव्या कोपऱ्यात खालून 'व्हायरस सापडला' म्हणून जे चौकोन उगवतात ना, ते पंचांग नाहीतर क्रिकेटच्या कुठल्याशा साइटला कधीतरी 'अलाव' म्हटल्याचे भोग असतात. व्हायरस नसतोच, नुसता भिकारी दारात बसलेला असतो.

मोबाइल विसरू नका, सगळे कॉम्प्युटर धुवून काढतात आणि फोन तसाच ठेवतात. ते ॲप काढा, आणि त्या दिवशी अजून काही आलंय का ते ॲपच्या यादीत बघा. शंका असेल तर फोटो काढून घेऊन फोनही रीसेट. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा वाहतुकीचं चलन म्हणून एपीके नावाने संपणारी, म्हणजे ॲप बसवणारी, फाइल आली तर कोणाचीही असो, उघडायची नाही. पत्रिका फोटोत येते.

पासवर्ड बदलताना बँकेपासून नाही, ईमेलपासून सुरुवात करा, आणि दुसऱ्याच स्वच्छ फोनवरून. बाकी सगळ्यांचे पासवर्ड 'विसरलो' म्हटल्यावर ईमेलवरच येतात, म्हणजे ती घराची किल्ली. आत गेल्यावर सगळ्या उपकरणांवरून साइन आउट करा, परत मिळवण्यासाठीचा मोबाइल नंबर बाबांचाच आहे ना ते बघा, दोन पायऱ्यांची पडताळणी चालू करा. पासवर्ड चार असंबद्ध शब्दांचा ठेवा, मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत: कढीपत्ता, लोकल, छत्री, गुरुवार. लांब होतो आणि लक्षात राहतो. हाच घेऊ नका, हा आता छापला गेला. आणि डायरीत लिहून ठेवला तर चालेल का? चालेल, बिनधास्त. घरातली डायरी कपाटात असते, हॅकर खारेगावात येऊन कपाट उघडत नाही. मॉनिटरला चिकटवलेला कागद मात्र काढा.

आता जड गोष्ट. सोसायटीला सांगावं लागेल.

तुम्ही पत्रात सोसायटीचा उल्लेख केलात तो बिलं निघाली नाहीत एवढ्यापुरता. पण त्या मशीनवर सभासदांचे फोन नंबर आहेत, कदाचित भाडेकरूंच्या आधारच्या प्रती आहेत, सोसायटीच्या खात्याचं नेटबँकिंग आहे. दोन तास तो माणूस आत होता. बाबांना मेल्याहून मेल्यासारखं होईल, कळतंय मला. अकरा वर्षं एका रुपयाची चूक नाही आणि आता जिन्यात चर्चा. तरी अध्यक्ष आणि सचिवांना बाबांनी स्वतः सांगितलं तर ती खजिनदाराची दक्षता ठरते. उद्या सभासदांना फसवे फोन यायला लागले आणि मग कळलं तर ते दडवणं ठरेल. सोसायटीच्या खात्याचे पासवर्ड आजच बदला, आणि पैसे पाठवताना एकाने टाकायचं, दुसऱ्याने मंजूर करायचं, अशी सोय बँकेकडून घ्या. चेकवर दोन सह्या लागतात ना, तेच नेटवर. हवं तर बाबांना म्हणावं, हा ठराव तुम्हीच मांडा.

हिशेबाची दुसरी प्रत कुठे आहे? पेन ड्राइव्ह मशीनलाच लावून ठेवलेला असेल तर ती प्रत नव्हे. २०१७ च्या जूनमध्ये आपल्या न्हावा-शेव्याला, जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचे कॉम्प्युटर बंद पडले होते, आठवतं? तो नॉटपेट्या नावाचा व्हायरस. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून निघाला आणि मर्स्क या जहाज कंपनीची जगभरची यंत्रणा त्याने झोपवली. न्हावा-शेव्याचं ते टर्मिनल त्याच समूहाचं. कंपनीकडे प्रती होत्या, पण त्यांच्या नेटवर्कचा नकाशा ठेवणारे सर्व्हर एकमेकांना जोडलेले, सगळे एकदम गेले. एक वाचला, आफ्रिकेत घानामध्ये. का वाचला? तिथे तेव्हा वीज गेली होती. एवढी मोठी कंपनी लोडशेडिंगमुळे उभी राहिली! मी गिऱ्हाइकांना हे सांगतो तेव्हा ते हसतात, पण हार्ड डिस्क काढून कपाटात ठेवायला लागतात. तुम्हीही बिलं निघाली की प्रत घ्यायची, वायर काढायची, कपाटात.

यापुढे फोन येतील. एकदा पैसे दिलेल्या माणसाचा नंबर यादीत चढतो आणि ती यादी विकली जाते. पहिला येईल, 'तुमचे गेलेले पैसे परत मिळवून देतो, प्रोसेसिंगचे तेवढे भरा.' तो वकील म्हणेल, सायबर सेलचा म्हणेल, तक्रार क्रमांकही सांगेल कदाचित. पैसे मिळवून देण्यासाठी पैसे मागणारा सरकारी माणूस नसतो. दुसरा व्हिडिओवर वर्दीत येईल आणि तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात म्हणेल. कायद्यात असली अटकच नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांना 'मन की बात'मध्ये हे सांगावं लागलं, एवढं पीक आलं होतं. आपली बँक शोधायची तर गुगलच्या जाहिरातीतून जाऊ नका. बँकांना आता डॉट बँक डॉट इन असा शेवट असलेले पत्ते दिलेत, तेवढं पाहून घ्या.

गुगलच्या जाहिरातीवरून सांगतो. दोन वर्षांपूर्वी आमचा फ्रिज बिघडला. कंपनीचं नाव नको, तिचा दोषही नव्हता. मी नंबर गुगलला शोधला, सगळ्यात वर दिसला तो लावला, 'व्हिजिट चार्ज' म्हणून २,४०० पाठवले. कोणी आलं नाही. तो नंबर जाहिरातीतला होता, खोटा. मी! ज्याच्या दुकानात 'अनोळखी लिंक उघडू नका' असा बोर्ड आहे, तो. बायकोला आठ महिने सांगितलं नाही. पैशांचं दुःख दोन दिवसांत गेलं, पण रोज संध्याकाळी फ्रिज उघडताना आपण बावळट आहोत असं वाटायचं. सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मलाही एकदा साडीचे गेले होते, मी पण बोलले नव्हते.

बाबांचे चार दिवस तेच होते. मिस्टर ओरडले हे मला समजतं, माणूस घाबरला की ओरडतो. पण पुढच्या वेळी बाबांनी चार मिनिटांत सांगावं असं वाटत असेल, तर घरात पहिलं वाक्य 'काय केलंत हे' असून चालणार नाही. १९३० ला अर्ध्या तासात फोन गेला तर पैसा अडण्याची शक्यता सोमवारच्या फोनपेक्षा कितीतरी जास्त होती. मिस्टरांनी स्वतःचा एखादा किस्सा बाबांना सांगावा. असेलच. नसेल तर माझा सांगा.

नेटबँकिंग काढून घेऊ नका. हिशेबात आयुष्य गेलेल्या माणसाच्या हातातून पासबुक काढल्यासारखं होईल ते. त्याऐवजी बाबांना बँकेत घेऊन जा आणि त्यांच्याच तोंडून हे सांगू द्या: पेन्शनचं खातं वेगळं, रोजच्या खर्चाचं छोटं खातं वेगळं, नेटबँकिंग छोट्यालाच; दिवसाची मर्यादा कमी; कार्डावरचे परदेशी व्यवहार बंद; आणि ऑनलाइन एफडी मोडण्याची सोय बंद करता येते का, ते विचारा. तुमच्या दोघांच्या खात्यांनाही त्याच दिवशी हेच करून घ्या.

मशीन आणाल तेव्हा सीपीयू एकटाच आणा, मॉनिटर, कीबोर्ड काही नको, माझ्याकडे आहे. रिक्षात आडवा ठेवू नका, मांडीवर उभा धरा. शनिवारी दुपारी चारनंतर गर्दी नसते. बाबांना बरोबर आणा. त्या निळ्या स्क्रीनचं एक खोटं पान मी दुकानातल्या जुन्या मशीनवर बनवून ठेवलंय, भोंग्यासकट. चार-पाच वेळा बंद करून बघू दे त्यांना. शेजारचा झेरॉक्सवाला वैतागतो आवाजाला, पण सवय झालीय त्याला.